४७ वर्षं मॅटवर : आधी पाडायला शिकले, मग दुखरा सांधा हातात घ्यायला

सैलमूठ

'ज्युदो शिकवता आणि शिआत्सूही करता, ही दोन टोकं एका माणसाला जमतात कशी?' हा प्रश्न मला वर्षानुवर्षं विचारला जातो. (शिआत्सू म्हणजे बोटांच्या दाबाने करायचा जपानी उपचार.) तोंडी उत्तर देताना दरवेळी काहीतरी निसटतं, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

१४ व्या वर्षी मी मॅटवर पहिल्यांदा पाय ठेवला. आता ६१ पूर्ण झाली. पहिली १३ वर्षं मी पाडायला, दाबून धरायला आणि सांधे अडकवायला शिकले. नंतरची ३४ वर्षं तेच हात दुखऱ्या अंगावर कसे ठेवायचे ते शिकते आहे.

पहिले तीन महिने आमच्या सरांनी आम्हाला एकमेकांना धरूसुद्धा दिलं नाही. नुसतं पडायचं. ज्युदोत याला उकेमी म्हणतात. आधी आडवं झोपून, मग उकिडवं बसून, मग उभ्याने. हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर, हात अंगापासून साधारण ४५ अंशांवर. तळव्यापासून दंडापर्यंत सगळा हात एका दमात मॅटवर आपटायचा आणि त्याच क्षणी श्वास सोडायचा. हनुवटी सुटली की डोकं मागून आपटतं. घाबरून हात मागे टेकवला की सगळा भार मनगटावर नाहीतर कोपरावर येतो. तीन महिन्यांत हजारो वेळा पडले असेन. तेव्हा जीव कंटाळायचा, पण माझ्या विद्येतला सगळ्यात जास्त लोकांच्या कामी आलेला भाग तोच ठरला.

पुढे स्पर्धा, पट्टे, पदकं. ज्यांनी खेळल्यात त्यांना ती धुंदी माहीत आहे, तिच्याबद्दल फार लिहीत नाही.

मी २७ वर्षांची होते, नुकतीच स्वतंत्र वर्ग घ्यायला लागले होते. एका संध्याकाळी ज्युजी-गातामे दाखवत होते. समोरच्याचा हात आपल्या दोन मांड्यांमध्ये घट्ट धरायचा आणि कंबर उचलून त्याचं कोपर उलट्या दिशेने ताणायचं, अशी ही पकड. माझ्यासमोर १९ वर्षांचा एक मुलगा होता. त्याने टॅप केलं, म्हणजे 'सोडा' अशी खूण म्हणून माझ्या पायावर दोनदा थाप मारली. ती थाप मला कळली. अगदी स्पष्ट कळली. पण मी बाकीच्या मुलांकडे बघून बोलत होते आणि माझं वाक्य अर्धं राहिलं होतं. वाक्य संपलं की सोडते, एवढंच मनात आलं. तेवढ्यात त्याच्या कोपरातून आवाज आला. ओली फांदी वाकवताना आतून येतो तसा, बारीक.

सगळा वर्ग चिडीचूप. आणि मी तशीच बसून राहिले, कारण पुढे काय करायचं ते मला येतच नव्हतं. कोपर उलटं ताणायच्या निदान सात पकडी मला झोपेतही लावता आल्या असत्या. दुखावलेलं कोपर हातात कसं घ्यायचं, सरळ करायचा प्रयत्न करायचा की नाही, मनगटाची नाडी लागते का, बोटांना मुंग्या आल्यात का, यातलं एकही माहीत नव्हतं. दुसऱ्या एका मुलाच्या आईने पुढे होऊन तो हात जसा होता तसाच ओढणीच्या झोळीत बांधला. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की अस्थिबंध फाटलाय.

मी दोन महिने वर्ग बंद ठेवला. त्या काळात ज्युदोचा इतिहास पहिल्यांदा नीट वाचला, आणि जे सापडलं त्याने मी हादरले. ज्युदोचे जनक जिगोरो कानो (१८६०–१९३८) तरुणपणी जुजुत्सूचा, म्हणजे ज्युदोच्या आधीच्या जपानी झटापटीच्या विद्येचा, शिक्षक शोधत होते. मेइजी काळ, जपान झपाट्याने आधुनिक होत होता, जुन्या युद्धविद्यांना कुणी विचारेना. मग त्यांनी शोध कुणाचा घेतला, तर हाडवैद्यांचा! कारण जुजुत्सूचे बरेच जाणकार हाडं बसवून पोट भरत. १८७७ मध्ये अशाच एका हाडवैद्याने त्यांना फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे धाडलं. तेन्जिन शिन्यो-र्यू या परंपरेचे शिक्षक असलेले फुकुदाही हाडवैद्यच होते. पाच वर्षांनी, १८८२ मध्ये, तोक्योतल्या एइशोजी देवळात १२ तातामींच्या (जपानी चटयांच्या) जागेत ९ विद्यार्थ्यांना घेऊन कानोंनी कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. म्हणजे ज्युदो जन्माला आला तोच हाडवैद्याच्या दारातून. पुढे १९२० मध्ये जपानमध्ये ज्युदो जाणणाऱ्यांना मोडलेल्या, निखळलेल्या, लचकलेल्या अंगावर उपचार करायचा रीतसर परवाना मिळू लागला. ज्युदो-सेइफुकुशी हा व्यवसाय तिथे आजही आहे. दक्षिण चीनमध्येही तेच. कुंग फूच्या हुंग गार शैलीचे प्रसिद्ध गुरू वाँग फेइ-हुंग (१८४७–१९२५) पो ची लाम नावाचा दवाखाना चालवत.

१३ वर्षं घाम गाळला त्या मॅटवर यातलं अक्षर मला कुणी सांगितलं नव्हतं. स्पर्धेला लागतो तेवढाच अर्धा माझ्या पदरात पडला होता. त्याचा राग मला अजून येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

मग दुसरे गुरू शोधले. सत्तरीतले एक जुने ज्युदोका, जपानमध्ये राहून हाडवैद्यकी आणि शिआत्सू शिकलेले. पहिल्या दिवशी त्यांनी माझा एक केस मागून घेतला. तो टेबलावर ठेवला, वर वहीचं एक पान ठेवलं आणि म्हणाले, 'डोळे मीट. केस कुठून कुठे गेलाय ते बोटाने सांग.' एका पानाखाली सहज लागला. दोन पानांखाली लागला. चौथ्या पानाला काही कळेना, म्हणून मी जोर लावला. त्यांनी माझं मनगट अलगद उचललं. 'डोळे उघड. नख बघ.' नखाखालचा गुलाबी रंग जाऊन पांढरं झालं होतं. 'एवढं दाबलंस की तुला तुझंच बोट कळतं. केस कळायचा राहतो.'

सहा आठवडे फक्त हेच. रोज अर्धा तास. ११ पानांपर्यंत पोचले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माणसाच्या खांद्यावर हात ठेवू दिला, आणि तिथेही काही करायचं नाही, नुसता ठेवायचा.

त्याच काळात मी पुन्हा मॅटवर उतरले, आणि गंमत म्हणजे माझा ज्युदो सुधारला होता. आधी मी समोरच्याची बाही मुठीत आवळून धरायची. आवळलेल्या मुठीला त्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते कळत नाही. मूठ सैल केली तसं बाहीतून सगळं यायला लागलं. तो पाऊल उचलायच्या आधी खांदा किंचित सरकतो, तेसुद्धा. केस शोधणारं बोट आणि तोल शोधणारी मूठ एकच आहे हे मला त्या दिवशी कळलं. सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच आहे.

शिआत्सूबद्दल थोडं. शि म्हणजे बोट, आत्सु म्हणजे दाब. तोकुजिरो नामिकोशी (१९०५–२०००) यांनी ती आधुनिक रूपात उभी केली आणि १९४० मध्ये तिचं विद्यालय काढलं. पण स्पर्शाची ही परंपरा जपानमध्ये त्याहून खूप जुनी आहे आणि तिचा मोठा भाग दृष्टिहीन लोकांनी सांभाळला. सुगियामा वाइची (१६१०–१६९४) हे दृष्टिहीन वैद्य. अॅक्युपंक्चरची सुई बारीक नळीतून घालायची युक्ती त्यांचीच, जगभर आजही तीच वापरतात. शिआत्सूत दाब हाताच्या ताकदीने द्यायचा नसतो. अंगठा सरळ, कोपर सैल, पृष्ठभागाला काटकोनात, आणि आपलं वजन हळूहळू त्यावर सोडायचं. काही सेकंद थांबायचं. काढताना तेवढंच हळू. नवशिके दाब छान देतात आणि हात झटक्यात काढून घेतात. समोरच्याचा स्नायू लगेच आखडतो. सोडणं शिकायला जास्त दिवस लागतात.

वर्ग पुन्हा सुरू केला तेव्हा एक नियम घातला, तो आजवर मोडलेला नाही. पकड लागलेली असताना शिकवणाऱ्याने बोलायचं नाही. आधी सोडायचं, मग बोलायचं. आणि पट्ट्याच्या परीक्षेला प्रत्येकाला तंत्रांबरोबर हेही विचारते की समोरच्याचा खांदा निखळला तर तू काय करशील. बरोबर उत्तर 'बसवीन' हे नाही. आहे त्या स्थितीत आधार द्यायचा, नाडी बघायची, खांद्याच्या बाहेरच्या बाजूची त्वचा बधिर झाली आहे का विचारायचं, कारण तिथली नस अशा वेळी दुखावू शकते, आणि रुग्णालयात न्यायचं. सोबत हाड मोडलंय का हे एक्स-रेशिवाय कळत नाही. माझे गुरू खांदा बसवायचे. मला ते शिकवलंही त्यांनी. तरी मी करत नाही आणि विद्यार्थ्यांना करू देत नाही.

तुमच्यापैकी कुणी अशा वाटेवर असेल तर जरूर लिहा.

गवतफूल

ताई, एका दमात वाचलं. तो कोपराचा प्रसंग वाचताना काळजात धस्स झालं. एक विचारू का? मर्मबिंदूवर नुसतं बोट लावून माणूस बेशुद्ध पाडल्याचे व्हिडिओ फिरत असतात. त्यात किती तथ्य असतं? माझा पुतण्या त्याच्यामागे वेडा झालाय.

सैलमूठ

गवतफूल, पुतण्याला माझ्याकडून आवर्जून सांगा की ते खरं नाही. अशा प्रात्यक्षिकांत पडणारा बहुतेक वेळा शिकवणाऱ्याचाच विद्यार्थी असतो. त्याने पडायचं मनाशी ठरवलेलं असतं, कधी त्याच्या स्वतःच्याही नकळत.

खरं काय आहे ते सांगते. ज्युदोत गळ्याच्या पकडी आहेत, त्यांना शिमे-वाझा म्हणतात. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रोहिणी नीट दाबल्या गेल्या तर मेंदूचा रक्तपुरवठा कमी होतो आणि साधारण १० सेकंदांच्या आत माणूस शुद्ध हरपतो. यात गूढ काही नाही, शरीररचना आहे. सोडलं की बहुतेक जण १०–२० सेकंदांत शुद्धीवर येतात. जुन्या शाळांत यासाठी कात्सू नावाची शुद्धीवर आणायची तंत्रं शिकवत, पाठीवर विशिष्ट थाप वगैरे. मीही शिकले. पण खरं काम पकड सोडल्यानेच होतं. आडवं झोपवायचं, श्वास बघायचा, पाय थोडे वर. अर्ध्या मिनिटात भानावर आला नाही तर रुग्णवाहिका. बेशुद्ध पडलेल्याला त्या दिवशी पुन्हा मॅटवर घ्यायचं नाही. माझ्या वर्गात लहान मुलांना या पकडी शिकवतच नाही.

पुतण्याला हेही सांगा की मर्म शिकायची एवढी हौस असेल तर आधी शरीररचनेचं पुस्तक आणावं.

अर्धविराम

मी वेगळ्या वाटेवरचा, पण तुमचं वाचून राहवलं नाही. उत्तर केरळमध्ये नोकरीनिमित्त सहा वर्षं होतो, तेव्हा कळरिपयट्टू ही तिथली युद्धकला शिकलो. तिथे हे दोन भाग कधी वेगळे झालेच नाहीत असं मला वाटतं. कळरी म्हणजे जमिनीत खणलेला आखाडा, पारंपरिक माप ४२ फूट बाय २१ फूट, दार पूर्वेला, नैर्ऋत्य कोपऱ्यात सात पायऱ्यांची पूत्तरा, म्हणजे पूजेचा ओटा. शिक्षणाचा क्रम ऐका : आधी मेय्तारी म्हणजे शरीर घडवणं, मग कोल्तारी म्हणजे लाकडी शस्त्रं, मग अंगतारी म्हणजे धातूची शस्त्रं, आणि सगळ्यात शेवटी वेरुंकै, रिकामा हात. मर्मांचं ज्ञान या शेवटच्या टप्प्यात, तेही गुरुक्कलांचा, म्हणजे कळरीच्या गुरूंचा, विश्वास बसला तरच. सुश्रुतसंहितेत १०७ मर्मं सांगितली आहेत, तिथून हा धागा येतो.

आणि जे गुरुक्कल तलवार शिकवतात तेच उळिच्चिल करतात, तेलाने अंग रगडणं. वर बांधलेला दोर धरून पायाने करतात तो प्रकार मी स्वतः अंगावर घेतलाय. टाचेने माझ्या पाठीच्या कण्याच्या कडेकडेने असे खाली आले की मला वाटलं हे डोळ्यांनी बघतायत. तुमचा केसाचा प्रयोग वाचून ती टाच आठवली.

वडकरा इथल्या मीनाक्षी गुरुक्कल यांना २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा त्या पंच्याहत्तरीच्या आसपास होत्या आणि तेव्हाही स्वतः शिकवत होत्या. लहानपणी सुरुवात केलेली. असं आयुष्य बघितलं की हात जोडले जातात.

सैलमूठ

अर्धविराम, रिकामा हात सगळ्यात शेवटी! किती योग्य आहे हे. आम्ही उलटं करतो, पहिल्याच दिवशी रिकाम्या हाताने सुरुवात, आणि मग तो हात काय काय करू शकतो हे पोराला कळायला दहा वर्षं लागतात. तुमच्या त्या सहा वर्षांवर स्वतंत्र धागा काढा, मी वाट बघते.

कसोटी

लेख प्रामाणिक आहे, म्हणून थेट विचारतो. ची किंवा की (शरीरातली जीवनशक्ती) आणि मेरिडियन (ती जिथून वाहते म्हणतात त्या वाहिन्या) या गोष्टी तुम्ही खऱ्या मानता का? आणि शिआत्सूने रोग बरे होतात याला पुरावा काय? माझ्या एका नातेवाइकाने असल्या उपचारांच्या नादात डॉक्टरकडे जायला उशीर केला होता, त्यामुळे मला याची भीती वाटते.

सैलमूठ

कसोटी, तुमच्या नातेवाइकांचं वाचून वाईट वाटलं. तुमची भीती रास्त आहे.

मेरिडियन नावाची वाहिनी शवविच्छेदनात सापडलेली नाही. मी शिकवताना त्या रेषा वापरते, कारण हात कुठून कुठे न्यायचा हे लक्षात ठेवायला तो उत्तम नकाशा आहे. 'की' हा शब्द मी श्वास, तोल आणि लक्ष एकत्र आलेत की नाही एवढ्यापुरता वापरते. त्याहून मोठा दावा कधी केला नाही.

शिआत्सूने आखडलेले स्नायू सैलावतात, झोप बरी लागते, दुखणं काही काळ हलकं वाटतं, हे मी रोज बघते. रोग बरा होतो म्हणण्याइतका पुरावा नाही आणि मी तसं कुणाला म्हणत नाही. ताइ ची या संथ हालचालींच्या चिनी व्यायामाची गोष्ट वेगळी, तिच्यावर चांगला अभ्यास झालाय. २०१२ मध्ये पार्किन्सन्स असलेल्या १९५ जणांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे. ताइ ची करणाऱ्यांचा तोल सर्वात जास्त सुधारला आणि नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. वजनं वापरून व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत मात्र पडण्यात तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास), वृद्धांचं पडण्याचं प्रमाण एकूण व्यायामाने सुमारे २३ टक्क्यांनी आणि ताइ चीने सुमारे १९ टक्क्यांनी कमी झालेलं दिसतं. यातला दुसरा आकडा तितका पक्का नाही, असं तो आढावाच सांगतो. मी ज्येष्ठांना शिकवते तो २४ आकृत्यांचा संच १९५६ मध्ये चीनमध्ये ताइ चीच्या यांग शैलीतून बेतलेला आहे, लोकांना सहज शिकता यावा म्हणूनच.

माझ्याकडे कुणी आलं की हात लावायच्या आधी विचारते : रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हाडं ठिसूळ झाल्याचं निदान आहे का, एका पायाच्या पोटरीला सूज आणि दुखणं आहे का. पोटरीचं उत्तर 'हो' असेल तर तिथे रक्ताची गुठळी असू शकते, आणि ती रगडणं जिवावर बेतू शकतं. अशांना मी दारातूनच डॉक्टरांकडे पाठवते. रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, कारण नसताना घटलेलं वजन, पायातली ताकद जाणं, यांनाही तोच रस्ता.

पाठकणा

मी फिजिओथेरपिस्ट. सैलमूठ यांच्यासारखी माणसं आमच्याकडे वेळेत रुग्ण पाठवतात, त्याबद्दल आभार. एक सांगावंसं वाटतं. लचकल्यावर बर्फ लावा हे आपण सगळ्यांनी घोकलंय. विश्रांती, बर्फ, दाब, उंचावर ठेवणं ही चौकडी १९७८ मध्ये मांडणारे डॉ. गेब मर्किन यांनीच पुढे आपलं मत बदललं आणि बर्फ व पूर्ण विश्रांतीने भरून यायला उशीर लागू शकतो असं लिहिलं. दुखणं कमी करायला थोडा वेळ बर्फ ठीक, पण दिवसभर नाही. मॅटवर अजून काय चालतं?

सैलमूठ

पाठकणा, आमच्याकडे बर्फाची पेटी मॅटच्या कडेलाच असायची आणि मी पोरांना तासन्‌तास बर्फ धरून बसवलंय. मर्किन यांचं वाचल्यावर दोन रात्री झोप नीट लागली नाही. मग वर्गात उभं राहून सांगितलं की हे मी तुम्हाला इतकी वर्षं चुकीचं शिकवलं, आजपासून असं करायचं. आता पहिले एक-दोन दिवस जपून, मग दुखणं सोसवेल तेवढी हालचाल लवकर सुरू. मुका मार बसलेल्या ताज्या जागी रगडायचं नाही हेही सांगते. जुन्या चिनी परंपरेत माराच्या जागी चोळायचे खास औषधी अर्क असत, मुलांना त्यांचं फार आकर्षण असतं, पण ताज्या सुजेवर चोळणं मी पूर्ण बंद केलंय.

गवतफूल

ताई, विचारू की नको असं झालंय, पण त्या १९ वर्षांच्या मुलाचं पुढे काय झालं?

सैलमूठ

विचारलंत ते बरं केलंत. तो मॅटवर परत आला नाही. त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी मला एक शब्द बोल लावला नाही, आणि ते जास्त जड गेलं. ११ वर्षांनी भेट झाली. त्याचं कोपर पूर्ण सरळ होत नाही, साधारण १० अंश कमी पडतात. मी विचारलं, हात लावू का? त्याने पुढे केला.

निरोगी कोपर सरळ करत नेलं की शेवटी हाड हाडाला लागतं आणि हालचाल ठाम थांबते. त्याचं त्याआधीच थांबत होतं, जाड चामडं ताणल्यासारखं, किंचित मागे ढकलणारं. तो शेवट माझ्या बोटांत कायमचा राहिलाय. माझ्या हाताखाली जे कुणी शिकवायला लागतात त्यांना मी निरोगी कोपराचा शेवट आधी दाखवते, आणि मग सांगते की टॅप झाल्यावर अर्धा सेकंद थांबलं तर काय होतं.

सांजवारा

खूप दिवसांनी इथे लिहिते आहे. माझी आई ७४ वर्षांची. मागच्या वर्षी पडली, हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून भीती बसली आहे. भिंतीला धरून चालते. तुम्ही वर म्हणालात की पडायला शिकणं सर्वात जास्त लोकांच्या कामी आलं. या वयात शिकता येतं का?

सैलमूठ

सांजवारा, येतं. माझ्या ज्येष्ठांच्या वर्गातल्या सर्वात मोठ्या बाई ८१ वर्षांच्या आहेत. पण आईंना उकेमी लगेच शिकवायची नाही, आणि घरच्या फरशीवर हात आपटायचा प्रकार तर मुळीच नाही.

आधी डॉक्टरांना विचारा. हाडांची घनता, चक्कर, रक्तदाबाच्या गोळ्या, डोळ्यांचा नंबर. पडण्याचं कारण बऱ्याचदा यात सापडतं.

मग पडणं बाजूला ठेवा, उठणं शिकवा. पडलेल्या माणसाची निम्मी भीती 'मला उठता येणार नाही' ही असते. जमिनीवर जाड सतरंजी घाला, जवळ एक जड, न हलणारी खुर्ची. आईंना आधार देऊन खाली झोपवा. मग कुशीवर वळायचं. खालच्या कोपरावर जोर देऊन अर्धं उठायचं. तिथे थांबून दोन श्वास. मग दोन्ही हात आणि गुडघ्यांवर. रांगत खुर्चीपाशी. दोन्ही हात खुर्चीवर, जोर असलेला पाय पुढे टेकवायचा, आणि वर. घाई अजिबात नाही. गुडघे दुखत असतील तर खाली उशी. तुम्ही शेजारी बसा, पण ओढून उठवू नका.

दुसरी गोष्ट रुमालाची. आडवं झोपलेलं असताना हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये घडी केलेला रुमाल धरायचा आणि डोकं जमिनीपासून चार बोटं उचलून तीनपर्यंत मोजायचं. मानेचं दुखणं असेल तर हे करायचं नाही. मागे पडताना डोकं वाचतं ते या एका सवयीने. आमच्या ८१ वर्षांच्या बाई पहिल्या दिवशी रुमाल एक सेकंदही धरू शकल्या नव्हत्या, मानेचे पुढचे स्नायू तेवढे थकलेले होते. रोज करत राहिल्या. तिसऱ्या आठवड्यात तीनपर्यंत पोचल्या आणि त्या दिवशी त्यांनी रुमाल मला भेट म्हणून दिला. तो माझ्या कपाटात आहे.

हे जमलं की मग एखाद्या जाणत्या शिक्षकाकडे मऊ गादीवर पुढचं शिकवता येईल.

सांजवारा

डॉक्टरांना विचारून आले, त्यांनी हरकत नाही म्हटलं. आठ दिवस झाले. पहिल्या दिवशी आई खाली झोपायलाच तयार नव्हती, म्हणून आधी मीच झोपले आणि तिला मला उठवायला सांगितलं. मग ती झोपली. काल पहिल्यांदा माझा हात न धरता खुर्चीपर्यंत गेली. रुमाल दोनपर्यंत धरते. विचारत होती, आता डाव्या कुशीवरूनही करू का?

सैलमूठ

आधी तुम्ही झोपलात हे फार छान केलंत. उजवीकडून उठताना कोपरावर आल्यावर त्या श्वास रोखून धरतात का ते उद्या नीट बघा. रोखत असतील तर अजून चार दिवस उजवीकडूनच. श्वास चालू राहत असेल तर डावी कूस सुरू करा, खुर्ची फक्त त्या बाजूला सरकवून ठेवा. आणि दोन दिवसांनी इथे कळवा.